झऱ्याचं पाणी घ्यावं की बोअरचं?

ठाण्यात भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे भूजल-प्रदूषणाचा प्रकल्प घेणारी मुलं हमखास विचारतात, ‘सर, नमुना बोअरमधून घेऊ की झऱ्यावर जाऊ?’ यंदा विचारणारीचा विषय होता बंद झालेल्या अणुकेंद्रांभोवतीचं पाणी. मी दोन्ही प्रकारे नमुने घेतले आहेत आणि आता शक्यतो झऱ्यावरच जातो. का, ते सांगतो. तुमची जागा वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येईल.

बोअरची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. झऱ्यात दूषित पाणी दिसतं तोवर वाटेतली सगळी जमीन बाटलेली असते. अमेरिकेतल्या हॅनफर्ड या अणुकेंद्रात नेमकं हेच झालं. तिथली एन अणुभट्टी 1963 ते 1987 चालली. तिचं सांडपाणी नदीपासून थोड्या अंतरावरच्या चरांत सोडत. त्यातलं स्ट्रॉन्शियम-90 हे किरणोत्सारी मूलद्रव्य जमिनीतून झिरपत कोलंबिया नदीच्या काठावरच्या झऱ्यांपर्यंत पोचलं. 1995 पासून 2006 पर्यंत भूजल उपसून गाळून पाहिलं, पण स्ट्रॉन्शियम मातीच्या कणांना धरून बसतं, त्यामुळे उपशातून फारसं हाती लागलं नाही. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे 29 वर्षं. अशा ठिकाणी उगमाजवळ विहिरी हव्याच. ट्रिटियमचं, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचं, वागणं उलट असतं. ते पाण्याच्या रेणूतच असतं, म्हणून पाण्याच्याच वेगाने पुढे जातं आणि गाळून निघत नाही.

मग मी बोअर का सोडली? शिळ्या पाण्यामुळे.

ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या बोअरवर आम्ही वर्षभर नमुने घेत होतो. सहा इंची बोअर, आत दीडशे फूट पाणी उभं, म्हणजे सव्वाआठशे लिटरच्या आसपास. रूढ पद्धतीने त्याच्या तिप्पट उपसा झाल्यावरच बाटली भरायची, कारण नळीत उभं राहिलेलं पाणी खडकातलं नसतं. अडीच हजार लिटर! एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर येत होता, आणि आम्ही पाइप गटारात सोडून उभे. सेक्रेटरी भला माणूस. तो म्हणाला, ‘सर, हे पाणी वरच्या टाकीत तरी सोडा.’ पुढच्या खेपेपासून तसंच केलं, पण मन खात राहिलं. एवढं करूनही वाहकतेचा (पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा) आकडा स्थिर होईना. अर्धा तास चढायचा, मग उतरायचा. शेवटी ध्यानात आलं की वरच्या मुरमातलं पाणी आणि खालच्या काळ्या पाषाणातल्या भेगेचं पाणी नळीत एकत्र येतंय. कुठल्या थराचं किती, हे मी कधीच सांगू शकलो नसतो. कमी वेगाचा पंप ठरावीक खोलीवर सोडला तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण सोसायटीची मोटार खोल बसवलेली असते, ती आपल्यासाठी कोण काढून देणार?

भेगाळ खडकात आणखी एक धोका असतो. उघडी बोअर दोन वेगळ्या भेगा जोडते, म्हणजे तपासायला पाडलेलं भोकच दूषित पाण्याची वाट होऊ शकतं. लॉस एंजेलिसजवळच्या सांता सुसानाच्या डोंगरात 1959 च्या जुलैमध्ये प्रायोगिक अणुभट्टीचं इंधन अंशतः वितळलं होतं. तिथला वालुकाश्म असाच भेगाळ आहे, आणि तिथे विहिरींबरोबर डोंगरउतारावरचे झरेही तपासतात.

आपल्याकडे ठाण्याजवळचा येऊरचा डोंगर असो की पारसिकचा, बेसॉल्टच्या दोन थरांच्या सांध्यात, बऱ्याचदा तांबड्या मातीच्या पट्टीवर, पाणी अडतं आणि बाहेर पडतं. उपसा नाही, मोटार नाही. पाणी वाहतंच आहे, बाटली धरायची. वाहकतेचा आकडा दोन मिनिटांत थांबतो, आणि तो वरच्या सगळ्या उताराचा एकत्र हिशेब असतो. येऊरला पाड्यावरच्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘वरच्या अंगाला भरा, खाली म्हशी उतरतात.’ त्या रोज तिथूनच हंडा नेतात. माणूस आणि जनावर जिथे पाण्याला तोंड लावतं तिथला आकडा मला अधिक मोलाचा वाटतो.

झऱ्याच्या अडचणी आहेतच. पावसाळ्यात पाणी इतकं पातळ होतं की दोष लपतो आणि मार्चनंतर बरेच झरे आटतात. हॅनफर्डलाही नदी फुगली की तिचं पाणी काठात शिरतं आणि झरे सौम्य होतात, म्हणून तिथले नमुने नदी उतरलेली असताना घेतात. आपण त्याच न्यायाने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जावं, पाऊस ओसरून आठवडे लोटल्यावर. गढूळ नमुना घेऊ नका. धातू आणि स्ट्रॉन्शियम गाळाला चिकटून येतात आणि आकडा फुगवतात. किरणोत्सार मोजणारं खिशातलं गायगर यंत्रही नेऊ नका. ट्रिटियमचे बीटा कण इतके क्षीण की ते त्याला जाणवतच नाहीत, त्यासाठी प्रयोगशाळेतलं द्रव-प्रस्फुरण मापनच (नमुना खास द्रवात मिसळून त्यातली चमक मोजणं) लागतं.

त्या मुलीकडे पैसे एकाच फेरीचे होते. तिला मी बाटल्या येऊरच्या झऱ्यावर भरायला पाठवलं आणि ऐरोलीच्या बोअरमध्ये फक्त टेप सोडून पातळी मोजायला सांगितलं. त्याला एक थेंबही उपसावा लागत नाही.