केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटाच्या नावाखाली अशी होते फसवणूक

मे-जूनच्या तारखांची केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं विक्री खुली होताच बघता बघता संपतात. मग लोक घायकुतीला येऊन इंटरनेटवर शोधू लागतात आणि भामट्यांचं फावतं.

शोधात सगळ्यात वर जाहिरात म्हणून एक पान येतं. मंदिराचा फोटो, सरकारी बोधचिन्हं, खाली व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक. मेसेज केला की पलीकडचा माणूस अदबीने तारीख, आधार कार्डांचे फोटो आणि प्रत्येकाचं वजन मागतो. खऱ्या बुकिंगलाही वजन लागतं, त्यामुळे इथेच विश्वास बसतो. पैसे गेले की पीडीएफ तिकीट येतं. थोड्या वेळाने पुन्हा फोन: ‘विम्याचे पैसे राहिलेत, भरल्याशिवाय सीट पक्की होणार नाही, नंतर परत मिळतील.’ तेही भरले की आणखी एक मागणी, आणि मग फोन बंद. काहींना तर हे थेट हेलिपॅडवर तिकीट तपासताना कळतं, तेही सोबत सत्तरीचे आईवडील असताना. फार वाईट वाटतं ते बघून.

गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून उडणाऱ्या या सेवेची तिकिटं २०२३ पासून आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ संकेतस्थळावरूनच मिळतात. ‘एजंट कोटा’, ‘व्हीआयपी कोटा’ म्हणणाऱ्याचं पुढचं ऐकूच नका. खऱ्या बुकिंगला आधी उत्तराखंड सरकारची चारधाम यात्रा नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक न विचारताच कोणी तिकीट देत असेल, तर ते खोटं. यूपीआयने पैसे भरताना पिन टाकण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव वाचा. तिथे एखाद्या व्यक्तीचं नाव असेल तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच तर त्या माणसाशी वाद घालत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. चोरटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात. त्याआधी तक्रार पोहोचली तरच रक्कम गोठवता येते. स्क्रीनशॉट आणि चॅट पुसू नका, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करताना ते जोडावे लागतात. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा.

तिकीट मिळालंच नाही तर गौरीकुंडहून सुमारे १६ किलोमीटरची चढण आहे. चालणं जमत नसेल तर घोडा किंवा डोली करता येते; त्याचं भाडं मात्र अधिकृत काउंटरवरच भरून पावती घ्या.