एकच गाडी, दोन इंजिनं : डेन्व्हरच्या विरळ हवेतले नऊ महिने

माझ्याकडे २०१९ची माझ्दा एमएक्स-५ आहे. कापडी छप्पर, सहा गिअरची मॅन्युअल, तीन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. धाकट्या भावाकडे फियाट १२४ स्पायडर, तीही मॅन्युअल. गेल्या मे महिन्यात त्याला ऑफिसच्या कामासाठी नऊ महिने पुण्याला जावं लागलं. गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, म्हणून जाताना त्याने किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, आठवड्यातून दोनदा तरी काढ. आणि नुसती सुपरमार्केटपर्यंत नको, वर डोंगरात ने." मी ते मनापासून पाळलं. एका आठवड्यात माझी गाडी, दुसऱ्या आठवड्यात त्याची, बहुतेक वेळा त्याच रस्त्यांवर.

हा योग सहसा कुणाला मिळत नाही, कारण या दोन गाड्या आतून जवळजवळ एकच आहेत. स्पायडर बनायची जपानमध्ये, हिरोशिमाला, माझ्दाच्याच कारखान्यात. चाकांमधलं अंतर दोन्हींचं २,३१० मिलिमीटर. डॅशबोर्ड, एसीची बटणं, छताची कडी, सगळं ओळखीचं. पत्रा वेगळा, सस्पेन्शन थोडं मऊ बसवलेलं, लांबी चौदा सेंटिमीटर जास्त, वजन चाळीसेक किलो जास्त. खरा फरक बॉनेटखाली. माझ्या गाडीत दोन लिटरचं नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन, म्हणजे बाहेरची हवा जशी आहे तशी स्वतःच ओढून घेणारं : १८१ हॉर्सपॉवर, २०५ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा रेटा, आणि ७,५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला तेवढे फेरे, फिरायची मुभा. स्पायडरमध्ये १.४ लिटरचं टर्बो, म्हणजे बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या जोराने टर्बाइन फिरवून हवा दाबून आत भरणारं : १६० हॉर्सपॉवर, पण टॉर्क जवळजवळ २५० न्यूटन मीटर. नव्या असताना दोन्हींची किंमत साधारण २५ हजार डॉलर्सपासून सुरू व्हायची. स्पायडर आता बनत नाही, वापरलेलीच शोधावी लागते.

कागदावर माझी गाडी एकवीस हॉर्सपॉवरने पुढे. पण ते आकडे समुद्रसपाटीचे, आणि आम्ही राहतो डेन्व्हरला, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात. डेन्व्हरची उंची ५,२८० फूट, म्हणजे १,६०९ मीटर. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. इथे आम्ही दूध आणायला निघतो तेच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम ३७ मीटर खालून. हवा विरळ, म्हणून इंजिनाच्या प्रत्येक घोटात प्राणवायू कमी. ढोबळ हिशेब असा की स्वतःच हवा ओढणारं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे माझ्या १८१ पैकी घराच्या दारातच दीडशेच्या आसपास उरतात. आय-७० महामार्गाने पश्चिमेला ११ हजार फुटांवरच्या आयझेनहावर बोगद्यापर्यंत चढलं की एकशेवीसच्या आसपास. टर्बोचं तसं नाही. विरळ हवा असली तर टर्बाइन अधिक वेगाने फिरवून तो ती दाबून भरतो आणि बरीचशी तूट भरून काढतो.

हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि जॉर्जटाउन ओलांडल्यावरचा चढ वेगळा. सिल्व्हर प्लूमच्या दिशेने रस्ता एकदम उभा होतो. उजव्या लेनमध्ये ट्रक दिवे लुकलुकवत रांगत असतात आणि डाव्या लेनमधल्या गाड्या मागून जोरात येतात. एमएक्स-५ मध्ये इथे मी सहाव्यावरून थेट चौथ्यावर येते. इंजिन पाच हजारांवर गातं आणि गाडी चढते, पण हातात काही शिल्लक नाही हे पायाला कळत असतं. पहिल्यांदा स्पायडर घेऊन त्याच जागी आले तेव्हा पाचव्यातच होते. सवयीने हात गिअरकडे गेला, पण गरजच पडली नाही. पाय थोडा दाबला, अर्धा क्षण काहीच नाही, आणि मग पाठीला सीटने हलकेच ढकलल्यासारखा जोर आला आणि ट्रक मागे पडला. त्या दिवशी घरी येऊन भावाला फोन केला तेव्हा पुण्यात सकाळ होती. पहिलं वाक्य हेच बोलले, "अरे, तुझी गाडी बोगद्यापर्यंत पाचव्यात गेली!"

कोलोरॅडोत टर्बोचा एक जुना इतिहासही आहे, आणि तो मला फार आवडतो. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या १४ हजार फुटांच्या डोंगरमाथ्यावर नेलं. जमिनीवर ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन वर गेल्यावर २३० वर आलं. टर्बो जोडल्यावर तेच ३५६ वर गेलं. म्हणजे टर्बोची ही परीक्षा वेगासाठी नव्हती, विरळ हवेत इंजिन गुदमरू नये यासाठी होती. जुलैमध्ये मी स्पायडर घेऊन पाइक्स पीकचा १९ मैलांचा रस्ता चढले, वर गाडी बंद करून बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले, आणि मला खरंच भरून आलं.

आता दुसरी बाजू, कारण एवढ्यावर कुणी स्पायडर घ्यायला धावू नये.

गोल्डन गावातून लुकआउट माउंटन रोड वर जातो. एकामागून एक उलटी वळणं, आपल्या वरंध घाटातल्यासारखी, फक्त रस्ता गुळगुळीत. डावीकडे वळणारं असं एक तीव्र वळण आहे की दुसऱ्या गिअरशिवाय जमत नाही. एमएक्स-५ मध्ये वळणाच्या मध्यावर मी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवते, आणि पाय जेवढा दाबते तेवढंच इंजिन देतं, त्याच क्षणी. रेतीचे कण दिसले तर पाय अर्धा सेंटिमीटर उचलायचा, गाडी अर्धा सेंटिमीटरभरच सावरते. स्पायडरमध्ये तेच वळण वेगळं शिकावं लागलं. मध्यावर पाय दाबला तर जोर येतो वळण संपता संपता, नेमका जेव्हा मी चाक सरळ करत असते तेव्हा, आणि तोही मागितल्यापेक्षा थोडा जास्त. म्हणून पाय आधीच, वळणात शिरतानाच, हलका ठेवायचा आणि दाब तयार होऊ द्यायचा. तीन-चार आठवड्यांत हे अंगवळणी पडलं. एकदा जमलं की त्यातही मजा आहे, दोरीउडीत शिरण्यासारखी. पण ती वेळ इंजिन ठरवतं, मी नाही.

आणि इथे एक गोष्ट आहे जी टर्बोची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत. दाब तयार होईपर्यंत टर्बो इंजिन हे शेवटी १.४ लिटरचं साधं इंजिनच असतं, आणि त्यात कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाणही, कमी : ९.८ला एक. माझ्या गाडीचं तेरास एक. त्यामुळे उंचीवर, दाब येण्याआधीच्या त्या क्षणात, स्पायडर माझ्या गाडीपेक्षा जास्त गळपटते. एक्झॉस्टही कमी बाहेर पडतो, म्हणून टर्बाइनला वेग घ्यायला आणखी वेळ लागतो. नेडरलँड हे गाव ८,२०० फुटांवर आहे. तिथे चढावरच्या स्टॉपच्या पाटीवरून निघताना मला स्पायडरमध्ये क्लच जास्त वेळ अर्ध्यावर ठेवावा लागायचा. एमएक्स-५ तिथून शांतपणे निघते. म्हणजे उंचीवर टर्बो जिंकतो, पण चालत्या गाडीत. उभ्या गाडीत नाही.

पेट्रोलबद्दल लिहायलाच हवं. कोलोरॅडोत पंपावरचं सगळ्यात स्वस्त पेट्रोल ८५ ऑक्टेनचं असतं. आकडा जितका मोठा तितकं ते पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटत नाही. समुद्रकाठच्या राज्यांत तेच ८७चं. इथे ८५ चालतं असं म्हणण्यामागे जुनं तर्कशास्त्र आहे : हवा विरळ, सिलिंडरमधला दाब कमी, म्हणून इंजिन नॉक करत नाही, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून ठोके पडत नाहीत. पण टर्बो तो दाब परत भरून काढतो, मग ही सवलत त्याला लागू होणार कशी? माझ्या गाडीचं तेरास एक कॉम्प्रेशनही तसंच नाजूक. मी दोन्ही गाड्यांत नऊ महिने ९१च भरलं. मायलेजच्या बाबतीत मात्र उगाच वाद घालू नये. सरकारी आकडा एमएक्स-५चा २९ मैल प्रति गॅलन, स्पायडरचा ३०. माझ्या वहीतही दोन्ही तिशीच्या आगेमागेच आहेत. चढावर स्पायडर वाचवते आणि मी तिला पळवून ते घालवते.

ऑगस्टमध्ये स्पायडरचं ऑइल बदलायला एका गॅरेजमध्ये नेली. गाडी वर उचललेली, मेकॅनिकच्या हातात बाटली, आणि बाटलीवर ऑइलच्या दाटपणाचा आकडा ०डब्ल्यू-२०. ते माझ्दाचं ऑइल. खालून पाहिलं तर गाडी माझ्दासारखीच दिसते, त्यामुळे त्याने तसंच धरलं. या फियाट इंजिनाला ५डब्ल्यू-४० लागतं, आणि त्याला कारण आहे. यात इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणाऱ्या झडपा, ऑइलच्या दाबाने उघडतात. झडप ढकलणारा कॅम थेट व्हॉल्व्हवर येत नाही, मध्ये ऑइलचा स्तंभ असतो आणि तो किती वेळ धरायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे इथे ऑइल हा यंत्राचा एक भागच आहे. शिवाय टर्बोच्या बेअरिंगलाही तेच ऑइल. मी वेळेवर थांबवलं, पण तो प्रसंग आठवला की आजही छातीत धस्स होतं, कारण गाडी माझी नव्हती. तेव्हापासून योग्य ऑइलच्या बाटल्या मी स्वतः घेऊन डिकीत ठेवते आणि गॅरेजवाल्याच्या हातात देते. टर्बो गाडी वापरलेली घेणाऱ्यांनी आधीच्या मालकाकडून ऑइल बदलाच्या पावत्या मागाव्यातच. नॅचरली ॲस्पिरेटेड गाडीत थोडी हयगय झालेली असली तरी बऱ्याचदा निभावतं. इथे तो धोका मी पत्करणार नाही.

घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवून गाडी बंद करायची नाही, शेवटचे एक-दोन मैल सावकाश यायचं, सकाळी इंजिन गरम होईपर्यंत पाय हलका ठेवायचा. हे सगळं मी दोन्ही गाड्यांसाठी पाळलं आणि त्यात काही त्रास नाही.

नोव्हेंबरमध्ये बर्फ आला. आय-७० वर डोंगरात सप्टेंबर ते मे टायरचे नियम लागू असतात, म्हणून दोन्हींना हिवाळी टायर चढवले. मागच्या चाकांवर चालणारी गाडी बर्फात कशाला, असं बरेच जण विचारतात. नीट टायर असतील तर चालते, पण पायाचं काम बारीक हवं. आणि इथे माझी पसंती अगदी स्पष्ट आहे. घासून गुळगुळीत झालेल्या बर्फावर मला हवी असते ती अंदाज बांधता येण्याजोगी ताकद, आणि एमएक्स-५ ती देते. स्पायडरमध्ये एका संध्याकाळी कॉलनीतल्या वळणावर दाब अचानक आला आणि मागची बाजू हातभर सरकली. इलेक्ट्रॉनिक्सने सावरलं, मी घाबरलेही नाही, पण त्यानंतर बर्फ असेल त्या दिवशी मी तिला एक गिअर वरच चालवलं.

आवाजाबद्दल एवढंच की क्लिअर क्रीक कॅनियनमध्ये महामार्ग ६ वर लागोपाठ बोगदे आहेत. तिथे छप्पर उघडं ठेवून एमएक्स-५ तिसऱ्यात सात हजारांपर्यंत नेऊन बघावी. टर्बाइन एक्झॉस्टच्या वाटेत बसलेली असल्यामुळे स्पायडरचा सूर दबलेला राहतो, आणि साडेसहा हजारांच्या आधीच जोर ओसरतो.

पुण्या-मुंबईचे मित्र विचारतात, मग इथे काय घ्यावं? या दोन गाड्या तिथे मिळत नाहीत, पण लहान टर्बो पेट्रोल विरुद्ध साधं दीड लिटरचं इंजिन हा प्रश्न तिथेही तोच आहे. माझं सांगणं की माझा उंचीचा मुद्दा तिथे नेऊ नका. लोणावळा सहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथे साधं इंजिन सहा टक्के गमावेल, कळणारही नाही. लेहला गाडी नेणाऱ्यांची गोष्ट निराळी. घाटात ट्रक ओलांडायचे असतील, माणसं आणि सामान भरलेलं असेल, तर टर्बोचा खालच्या आरपीएमचा रेटा उपयोगी पडतो. रोज सिग्नल ते सिग्नल जायचं असेल तर साधं इंजिन पायाशी जास्त प्रामाणिक वागतं.

इथल्या लोकांसाठी सांगायचं तर, दर शनिवारी डोंगर चढून पलीकडे जाणारा माणूस असाल तर स्पायडर घ्या, खेद होणार नाही. मी माझी बदलणार नाही. शंभरातले पंधरा घोडे घरातच सोडून निघते हे मला मान्य आहे, कारण उरलेले पंच्याऐंशी मी सांगेन तेव्हा आणि सांगेन तेवढेच धावतात.

फेब्रुवारीत भाऊ परतला. विमानतळावर मी त्याचीच गाडी घेऊन गेले होते. दोन बॅगा डिकीत मावेनात, एक त्याने मांडीवर घेतली. घरी जाण्याआधी म्हणाला, "ताई, आधी लुकआउटवरून एक चक्कर मारू." वर पोचेपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तू वळणात पाय आधी ठेवायला लागलीस." उतरताना मी किल्ली त्याला दिली आणि डिकीतल्या ऑइलच्या बाटल्या दाखवल्या.