तंबोऱ्याचा दिवा: सहा महिने वापरून झाल्यावर

सांगलीत विश्रामबागला आमचा छोटा गाण्याचा क्लास आहे. मिरजेचा तंबोरा आहेच आमच्याकडं, ज्याला २०२४ ला जीआय, म्हणजे त्या गावची खास वस्तू म्हणून सरकारी नोंद, मिळालं तोच, पण त्याला बारक्या पोरांना हात लावू देता येत नाही ना, म्हणून मे महिन्यात हा तंबोऱ्यासारखा दिवा बनवून घेतला. मिरजेतले एक तंबोरा बनवणारे काका आणि सांगलीतला एक इलेक्ट्रॉनिक्सवाला पोरगा, दोघांनी मिळून केलाय. तडा गेलेला, वाद्याला न चालणारा भोपळा, त्याला बारीक भोकं, वर तून झाडाच्या लाकडाची दांडी, चार खऱ्या तारा आणि आत १५० एलईडी. तारेला बोट लागलं की आपल्या अंगामुळं तिचं कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलतं, ते आतल्या ईएसपी३२ नावाच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डला कळतं आणि उजेड भोपळ्यातनं वर दांडीला चढतो.

खरी मजा उजेड विझतो त्यात आहे. पोरानं आधी फटकन लागणारा, फटकन जाणारा केला होता, काका म्हणाले अरे तार छेडल्यावर आस राहते की, सूर रेंगाळतो, तशी पाहिजे. मग काका जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज जुळवताना, बसतात तसे तासभर शेजारी बसून अजून थोडं, अजून थोडं करत राहिले. शेवटाला उजेड उड्या मारत उतरायचा, कारण ह्या एलईडीत एकेका रंगाला २५६च पायऱ्या आणि अंधारात डोळ्याला प्रत्येक पायरी दिसते, तर त्यानं दोन पायऱ्यांमध्ये भराभर अदलाबदल करून ते इतकं मऊ केलं की आता कधी विझला कळत नाही.

त्रास दोन झाले. पूर्ण पांढरा लावला की वरचं टोक पिवळट दिसायचं. एका एलईडीला ६० मिलीॲम्पियर, म्हणजे १५० ला ९ ॲम्पियर, पट्टीच्या शेवटापर्यंत ५ व्होल्ट पोचतच नव्हते. वरच्या टोकाला वेगळी वायर दिल्यावर बंद झालं, तुम्ही करून घेणार असाल तर आधीच सांगा. दुसरं, जुलैत दमट हवेनं तारांना हात न लावताच उजेड आपोआप लागायला लागला. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी पोरगा आला, बोर्ड आता दर थोड्या वेळानं हवेप्रमाणं स्वतःचं माप परत घेतो, नंतर एकदाही झालं नाही. पैसे घेतले नाहीत.

साडेचौदा हजार लागले, तीन आठवडे गेले, मला बिलकुल जास्त वाटत नाही. चौथीतली एक पोरगी रोज येऊन आधी खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची, तार छेडते आणि उजेड पूर्ण जाईपर्यंत सा सोडत नाही.