पीएनएचची फ्लो सायटोमेट्री तपासणी : एका खासगी लॅबचा अनुभव

धाकट्या बहिणीचे हिमोग्लोबिन सारखे घसरत होते, सकाळची लघवी गडद तपकिरी होत होती आणि कूम्ब्स चाचणी (प्रतिपिंडांमुळे तांबड्या पेशी फुटत आहेत का हे पाहणारी) मात्र निगेटिव्ह आली होती, म्हणून रक्तविकारतज्ज्ञांनी पीएनएच या तांबड्या पेशी फुटण्याच्या दुर्मीळ आजारासाठी फ्लो सायटोमेट्री (लेझरच्या साहाय्याने एकेक पेशी तपासण्याची पद्धत) करून घ्यायला सांगितले. एका खासगी लॅबमधून आम्ही ती करून घेतली आणि अहवालाच्या दर्जाबाबत मी पूर्ण समाधानी आहे.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी55 आणि सीडी59 ही प्रथिने आपल्याच कॉम्प्लिमेंट यंत्रणेपासून (जंतूंवर हल्ला करणाऱ्या रक्तातील प्रथिनांपासून) त्यांचे रक्षण करतात. सीडी55 हे या हल्ल्याची साखळी पुढे नेणारे सी3 कन्व्हर्टेज हे विकर मोडून काढते, तर सीडी59 हे याच यंत्रणेतील सी9 या प्रथिनाचे रेणू एकत्र येऊन पेशीच्या आवरणाला भोक पाडण्याआधीच त्यांना अडवते. दोन्ही प्रथिने जीपीआय नावाच्या दुव्याने पेशीला जोडलेली असतात; अस्थिमज्जेतील मूळ पेशीच्या पिग-ए जनुकात बिघाड झाला की हा दुवाच नीट तयार होत नाही आणि तांबड्या पेशी रक्तातच फुटू लागतात.

या लॅबने केवळ तांबड्या पेशी तपासून काम उरकले नाही, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली. बहिणीला नुकतेच रक्त चढवले होते. दात्याच्या निरोगी पेशी मिसळल्यामुळे आणि सदोष पेशी आधीच फुटून गेल्यामुळे तांबड्या पेशींतील दोषाचे प्रमाण फसवे, कमी दिसते. अहवालात ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचे आकडे फ्लेअर या जीपीआयलाच चिकटणाऱ्या, चमकणारे रंगद्रव्य जोडलेल्या प्रथिनासह स्वतंत्र दिले होते, आणि ग्रॅन्युलोसाइटमधील दोष तांबड्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त निघाला. तांबड्या पेशींचीही सीडी59 अंशतः कमी असलेल्या आणि अजिबात नसलेल्या अशी विभागणी होती. डॉक्टरांनी उपचाराची चर्चा याच आकड्यांवरून सुरू केली.

तक्रार आहे ती नमुना घेण्याच्या व्यवस्थेबद्दल. अर्जावर रक्त कधी चढवले हे विचारणारा रकानाच नव्हता. ती तारीख आम्ही समासात हाताने लिहिली. जांभळ्या झाकणाची नळी मुख्य प्रयोगशाळेत केव्हा पोहोचेल, हेही केंद्रावरील कर्मचाऱ्यांना सांगता आले नाही. ग्रॅन्युलोसाइट लवकर खराब होतात, त्यामुळे हा प्रश्न किरकोळ नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुना देऊ नये, आणि पैसे भरण्यापूर्वी पांढऱ्या पेशींवर फ्लेअर करणार का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. पुढची तपासणी आम्ही इथेच करणार आहोत, पण नमुना थेट मुख्य प्रयोगशाळेत नेऊन देऊ.