आमच्या घराचा खोटा हिशेब आणि सहापट मोठा लाकडाचा बॉयलर

न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजजवळच्या एका लहान गावात आम्ही राहतो. घर 2,200 चौरस फुटांचं. हिवाळाभर ते उबदार ठेवायला साधारण 800 गॅलन तेल लागायचं. 2022 मध्ये तेलाचे भाव भडकले आणि अंगणात ठेवायचा लाकडाचा बॉयलर घ्यायचं आम्ही ठरवलं. मागे पाच एकर रान आहे, म्हणजे सरपण घरचंच.

ज्यांनी तांब्याचा बंब पाहिलाय त्यांना हे यंत्र लगेच कळेल. मधे जाळ, भोवती पाणी. फक्त हा बंब छोट्या खोलीएवढा, घरापासून लांब उभा, आणि तापलेलं पाणी जमिनीखालच्या नळीतून घरात येतं.

डीलर गोड बोलणारा होता. घरातून किती उष्णता बाहेर जाते याचा रीतसर हिशेब करून देतो म्हणाला, त्याचे 150 डॉलर वेगळे घेतले. दिवाणखान्यात दहा मिनिटं उभा राहिला, खिडक्या मोजल्या आणि गेला. चार दिवसांनी कागद आला: तासाला 2,25,000 बीटीयू (उष्णता मोजायचं अमेरिकी एकक) देणारा बॉयलर लागेल. एवढा मोठा कशाला, असं नवऱ्याने विचारलं. त्यावर तो म्हणाला, "मोठा घेतलात तर दिवसातून एकदा लाकूड घालायचं. लहान घेतलात तर रात्री दोन वाजता बर्फात उठून जावं लागेल." दोन लहान मुलं असलेल्या घरात या एका वाक्याने काम केलं. बसवणुकीसकट 21,000 डॉलर मोजले.

ऑक्टोबरात आई भारतातून आली. पहिल्याच संध्याकाळी तिने मुलीचा स्वेटर हुंगला आणि म्हणाली, "ओल्या चुलीचा धूर कुठून येतोय?" लाकूड ओलं नव्हतं, वर्षभर छपराखाली वाळवलेलं होतं. मी तिला बॉयलर दाखवला. ती थोडा वेळ बघत राहिली. "अगं, तांब्याभर पाणी तापवायला बंबात कुणी अख्खा ओंडका घालतं का?"

त्या रात्री मी घड्याळ लावून बसले. पाणी ठरलेल्या 180 फॅरनहाइटला पोचलं की जाळाला हवा देणारा पंखा थांबतो आणि हवेची झडप मिटते. पंखा चार मिनिटं चालला आणि मग पन्नास मिनिटं सगळं बंद. पुन्हा चार मिनिटं, पुन्हा बंद. घराला एवढी उष्णता नकोच होती, त्यामुळे ओंडके हवेवाचून नुसते धुमसत होते. असं धुमसताना लाकडातले वायू जळत नाहीत. ते पाण्याने वेढलेल्या, त्या मानाने थंड पत्र्यावर जमून डांबरासारखे चिकटतात. सकाळी दार उघडलं तर कडेवरून काळा, आंबट वासाचा रस ठिबकत होता. हाताला लागला तो दोन दिवस साबणाने गेला नाही.

बॉयलर सरकारी प्रमाणपत्राचा होता. धुराडं जमिनीपासून किमान 18 फूट आणि हद्दीपासून अंतर किमान 100 फूट, हा न्यूयॉर्कचा नियमही पाळला होता. तरी वारा पडला की धूर शेजारच्या अंगणात जाऊन बसायचा. त्यांच्या नातवाला दमा आहे. शेजारी भांडले नाहीत, दारात येऊन फक्त विचारलं. मला फार लाज वाटली.

हे शेजारी आयुष्यभर तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करत आलेले. त्यांनी आमची जुनी तेलाची बिलं मागितली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. एका गॅलन तेलात सुमारे 1,38,500 बीटीयू. 800 गॅलनचे झाले 11 कोटींच्या वर, त्यातले भट्टीतून घरात पोचणारे 85 टक्के धरले तर नऊ कोटी चाळीस लाखांच्या आसपास. आमच्या भागात वर्षाला थंडीचे 'डिग्री डे' सुमारे 6,700, म्हणजे रोज बाहेर 65 फॅरनहाइटपेक्षा जितके अंश कमी, त्यांची वर्षभराची बेरीज. त्याने भागलं, मग 24 तासांनी भागलं, तर बाहेरचा पारा एक अंश फॅरनहाइटने उतरला की घराला तासाला 586 बीटीयू जास्त लागतात असं निघालं. बाहेर 0 फॅरनहाइट, म्हणजे उणे 18 सेल्सिअस असताना 65 अंशांचा फरक. गुणाकार: 38,000. नळीतून वाया जाणारी उष्णता धरून आणि थोडा हात राखून 50,000 म्हणा. आम्हाला विकला होता 2,25,000 चा!

मग डीलरचा कागद काढला. भिंतींत आणि माळ्यावर 'इन्सुलेशन नाही' असं लिहिलेलं. माळ्यावर दीड फूट जाडीचं इन्सुलेशन आहे, तो वर चढलाच नव्हता. शिवाय 2,25,000 हा आकडा पूर्ण भरलेल्या भट्टीच्या ऐन जोराचा होता. बॉयलरच्या प्रमाणपत्रावर आठ तासांच्या सरासरी उष्णतेचा आकडा वेगळा असतो आणि तो बराच लहान असतो. तो त्याने कधी तोंडातून काढला नाही.

नळीतही फसवलं. बर्फ पडला तेव्हा बॉयलरपासून घरापर्यंत हिरव्या गवताचा सरळ पट्टा उघडा राहिला. बाजूला फूटभर बर्फ. सरपणाची उष्णता आम्ही जमिनीला देत होतो. महागड्या, फोम भरलेल्या नळीचे पैसे घेऊन त्याने चंदेरी कागद गुंडाळलेली साधी नळी पुरली होती. त्या हिवाळ्यात 13 कॉर्ड (एक कॉर्ड म्हणजे 128 घनफुटांची रास) लाकूड गेलं. शेजाऱ्यांच्या मते नीट मापाच्या बॉयलरला सहा-सात पुरले असते.

तुम्ही मिशिगनला असा की व्हर्मांटला, डीलरला बोलावण्याआधी आपली दोन-तीन वर्षांची बिलं काढून हा गुणाकार स्वतः करा. तो हिशेब करणार असेल तर खोल्याखोल्यांतून, माळ्यावर, तळघरात तुमच्यासोबत फिरू द्या आणि कागद तुमच्यासमोर भरू द्या. आठ तासांचा आकडा विचारा. नळी पुरताना उभे राहा, खड्डा बुजवायच्या आधी फोटो काढा. आमच्याकडे खड्ड्याचा एकही फोटो नाही, म्हणून नळीचं आम्हाला सिद्ध करता आलं नाही.

राज्याच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार केल्यावर डीलरने हिशेबाचे 150 डॉलर परत पाठवले. बॉयलर परत घ्यायला तो तयार नाही. हा हिवाळा आम्ही पुन्हा तेलावर काढतोय. शेजाऱ्यांचा नातू परवा खूप दिवसांनी अंगणात खेळताना दिसला.