पावसाळ्यात सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या पठारावर) आणि मळ्यात : गमबूट की वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूज?

भातलावणीचा मळा, व्हाळ (ओढा) ओलांडणं, गुडघाभर गवत असेल तर गमबूटच. पाणी पोटरीपर्यंत अडतं, लेप्टोच्या (दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) दिवसांत साचलेल्या पाण्याशी पायाचा संबंध येत नाही, आणि गवतातल्या फुरशा या विषारी सापापासून जाड रबराचा चांगला आडोसा मिळतो. पण गमबूट घोट्याला धरत नाही. चढावर टाच आत वरखाली होते आणि तासाभरात फोड येतो. जाड मोजे घालून, संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना माप घ्या. पीव्हीसीपेक्षा रबर मऊ, शेवाळलेल्या कातळावर पकडही बरी. तरी ओल्या जांभ्यावर घसरणार नाही असा सोल अजून कुणी केलेला नाही.

सड्यावर कॅमेरा घेऊन दिवसभर फिरायचं तर घोट्यापर्यंतचे मेम्ब्रेनचे (पाणी अडवून वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याचे) शूज. लेस आवळली की पाय हलत नाही. मात्र ‘श्वास घेणारं’ कापड कोकणच्या दमट हवेत फारसा श्वास घेत नाही. बाहेरच वाफ भरलेली असते, तर आतला घाम जाणार कुठे? वरून एकदा पाणी शिरलं की तेच मेम्ब्रेन ते आत कोंडून ठेवतं. इनसोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, दर दोन-तीन तासांनी बदला. चुलीजवळ ठेवू नका, गोंद सुटतो.

पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे शूज काही वर्षं माळ्यावर पडले, तर दमटपणाने सोलचा भुगा होऊ शकतो. त्यामुळे सेलमधला जुना माल घेताना अंगठ्याने सोल दाबून बघाच.