ओमानचा खारा किनारा: जुनी डिफेंडर की लँड क्रूझर ७०?

बर अल हिकमानसारख्या सब्ख्यात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या खारपट जमिनीत, गाडीला वाळूपेक्षा मीठ आधी खाते. रात्री दव पडते, चेसिसमध्ये (गाडीच्या खालच्या सांगाड्यात) साचलेली खारी धूळ ओली होते आणि गंज आतून धरतो.

जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचे (उत्पादन २०१६ मध्ये थांबले) बाहेरचे पत्रे बहुतेक ॲल्युमिनियमचे, म्हणून ती गंजत नाही असा समज आहे. तो महागात पडतो. चेसिस, बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधली भिंत), दारांची चौकट पोलादीच आहे. दोन धातू टेकतात तिथे खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. दारांचा खालचा काठ लवकर जातो. चेसिसचा मागचा क्रॉसमेंबर (आडवा दांडा) हातोडीने ठोकून बघा. बद्द आवाज आला, तर धातू आतून खाल्लेला आहे.

टोयोटाची लँड क्रूझर ७० पोलादी. गंज लवकर दिसतो, पण पत्रा कापून वेल्डिंग करणे सोपे. पुढच्या काचेच्या रबराखाली आणि चेसिसच्या मागच्या टोकाला बघा. किनाऱ्यासाठी आमची पसंती हिलाच.

गाडी कोणतीही असो, खारपटातून परतल्यावर त्याच दिवशी चेसिसच्या भोकांतून आतपर्यंत गोडे पाणी मारा, निचऱ्याची भोके मोकळी करा. गंज रोखणारे मेण फवारायचे ते पूर्ण वाळल्यावरच. ओल्यावर फवारले तर मीठ आत कोंडते.